ग्रेड चार की पाच?

२०२० च्या त्या वर्षात मी किती गुगल फॉर्म भरले याचा हिशोब नाही. कुठल्या तरी गावचा कुठला तरी पदव्युत्तर विद्यार्थी, त्याचा प्रबंध अडलेला, त्याची वर्गमैत्रीण आमच्या सिनियरची बहीण, असं करत करत लिंक आमच्या बॅचच्या ग्रुपवर येऊन पडायची. 'प्लीज भरा ना, दोनच मिनिटं लागतात.' खाली हात जोडलेले तीन इमोजी. विषय ठरलेला: आरोग्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षणाबद्दल काय वाटतं?

एक विधान आणि त्याच्यापुढे पाच गोल. पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत. ही पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये काढली, हे मला पुढे रिसर्च मेथडॉलॉजी शिकताना कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की मधला गोल दाबला की सुटका होते. 'ऑनलाइन लेक्चरमधून मला विषय समजतो.' सहमत. 'ऑनलाइन पद्धतीने प्रात्यक्षिक कौशल्ये शिकता येतात.' इथे अंगठा जरा घुटमळायचा. मग मधला गोल.

खरं तर त्या जागी मला आजीच्या गुडघ्याबद्दल सांगायचं होतं. पण गोलात गुडघा मावत नाही.

मी तेव्हा पुण्यात फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मार्चच्या मध्यावर कॉलेज बंद झालं तेव्हा 'पंधरा दिवसांची सुट्टी' असं सांगितलं होतं. दोन ड्रेस, चार्जर आणि एक वही घेऊन मी दापोलीची एसटी पकडली. सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर, रिफ्लेक्स हॅमर, ॲप्रन, सिनियरकडून अर्ध्या किमतीत घेतलेली जर्नलं, सगळं हॉस्टेलच्या लोखंडी कपाटात राहिलं. ते कपाट पुन्हा उघडलं तेव्हा ॲप्रनवर बुरशीची हिरवी नक्षी उठली होती.

फिजिओथेरपी म्हणजे काय, हे आमच्या वाडीत अजूनही नीट कुणाला पटलेलं नाही. 'शेक देतात', 'वीज लावतात', फार तर 'मालिश शिकायला पुण्याला गेली'. शेवटचं ऐकून मला पूर्वी फार राग यायचा. आता कमी येतो, कारण त्यात एक गोष्ट खरी आहे: हा धंदा हाताचा आहे. स्नायूची ताकद मोजायची आमची रोजची पद्धत घ्या. शून्य ते पाच असे ग्रेड असतात. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे सांधा हलत नाही, पण स्नायूवर बोट ठेवलं तर आत काहीतरी फुरफुरल्यासारखं जाणवतं. दोन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं ओझं काढून घेतलं, कुशीवर वगैरे झोपवलं, तर हालचाल पूर्ण होते. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्धही होते. इथपर्यंत बरंचसं डोळ्यांना दिसतं. चार आणि पाच मात्र दिसत नाहीत. तिथे तपासणाऱ्याने आपल्या हाताने विरोध द्यायचा, दाबायचं, आणि समोरचा किती तग धरतो ते पाहायचं. मध्यम जोराला टिकला तर चार, पूर्ण जोराला टिकला तर पाच. मध्यम म्हणजे किती आणि पूर्ण म्हणजे किती, हे कुठल्याच पुस्तकात किलोमध्ये लिहिलेलं नसतं. दुसऱ्या वर्षात आम्ही एकमेकींचे हातपाय दाबून तेच शिकत होतो, आणि नेमकं तेवढ्यात कॉलेज बंद झालं.

गुरुत्वाकर्षणाचा असा आधार घेऊन स्नायू जोखायची कल्पना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. बोस्टनमध्ये लव्हेट नावाचे अस्थितज्ज्ञ होते, त्यांच्याकडे पोलिओने पाय गेलेली मुलं यायची. कुठला स्नायू मेलाय आणि कुठल्यात धुगधुगी आहे, हे ठरवायची गरज त्यातून आली. आपल्याकडेही या विषयाची नाळ पोलिओशीच जोडलेली. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५३ मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात निघालं. महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना अशा तिघांनी मिळून ते उभं केलं, आणि त्याच्यामागे मुंबईतल्या पोलिओच्या साथीचा धक्का होता. एका साथीने जन्माला घातलेला विषय दुसऱ्या साथीत पडद्यावर शिकायची वेळ आली. तेव्हा हे सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त डेटा संपत होता.

तर आजी. प्रात्यक्षिकं ऑनलाइन सुरू झाली तेव्हा मॅडमनी सांगितलं, घरातल्या एका व्यक्तीला पेशंट करा, मोजमाप करताना व्हिडिओ काढा आणि पाठवा. माझा भाऊ तीन दिवसांत कंटाळला. बाबांना गुदगुल्या होतात. राहिली आजी, जिच्याकडे वेळही होता आणि दुखणारे दोन गुडघेही. गोनिओमीटर पुण्यात, म्हणून मी भावाच्या कंपासपेटीतलं कोनमापक घेतलं आणि त्याच्या मध्यावर खराट्याच्या दोन हिरा दोऱ्याने बांधल्या. एक हीर मांडीच्या रेषेत, खुब्याच्या हाडाकडे. दुसरी पोटरीच्या रेषेत, घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे. मध्य, म्हणजे फल्क्रम, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. हिरा वाकायच्या, त्यामुळे आजीचा गुडघा एके दिवशी शंभरात वाकायचा तर दुसऱ्या दिवशी एकशे पंधरात.

मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मॅडम पलीकडून सांगायच्या, "फल्क्रम थोडा खाली घे. अजून. आता तुझाच हात आड येतोय." आजीला वाटायचं, एवढ्या लांबून बाई बोलतेय आणि कुणी तिची साधी विचारपूस करत नाही. एकदा मी म्यूट करायला विसरले आणि आजी फोनकडे वाकून म्हणाली, "बाई, जेवलात काय?" तीसपस्तीस मुलांचा वर्ग. क्षणभर सगळे चौकोन गप्प. मग मॅडम म्हणाल्या, "अजून नाही हो आजी, हे दोन रोल नंबर झाले की जेवते." त्या दिवसानंतर रोल नंबर पुकारला की मॅडम आधी आजींची चौकशी करायच्या आणि मग माझी.

स्नायूंचे ग्रेडही मी तिच्यावरच केले. पडवीतल्या बाकावर बसवलं, पाय लोंबते, एक हात मांडीखाली, दुसरा नडगीवर घोट्याच्या जरा वर. "आता पाय सरळ कर आणि तसाच धर, मी खाली ढकलणार, तू ढकलू द्यायचं नाही." आजीने पाय सरळ केला. मी ढकलला. पाय हलला नाही. जर्नलात लिहिलं: क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू), उजवा पाच, डावा पाच. मॅडमनी व्हिडिओ पाहिला, पाय हलत नव्हता हे त्यांनाही दिसलं. सही झाली.

आता लोक असं लिहायला लागले की पुढे ऑनलाइन शिक्षणाच्या नावाने रडगाणं सुरू होतं. माझं तसं नाही. थिअरी मला ऑनलाइनच जास्त चांगली समजली, हे मी फॉर्ममध्ये लिहिलं ते मनापासून. वर्गात मी मागच्या बाकावर बसायचे. पंखा, झोप आणि इंग्रजी या तिघांशी एकदम झुंज चालायची. रेकॉर्डिंग मात्र थांबवता यायचं. जे वाक्य कळलं नाही ते पुन्हा, पुन्हा, शब्दकोश उघडून पुन्हा. वर्गात हात वर करून "मॅडम, पुन्हा सांगा" म्हणायची हिंमत मराठी माध्यमातून आलेल्या मुलीत किती असते, हे ती मुलगीच जाणे.

आणि चालण्याचं शास्त्र, म्हणजे गेट, ते तर मला शंभर टक्के पडद्यामुळे कळलं. मॅडमनी आपल्या घराच्या हॉलमध्ये चालून दाखवलं. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत आणि परत. मोबाइल त्यांच्या मुलाच्या हातात, तो जमिनीवर पालथा पडून शूटिंग करतोय, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. एका पायाच्या टाचेने जमिनीला टेकायचं तिथून चक्र सुरू. साधारण साठ टक्के वेळ तो पाय जमिनीवर, चाळीस टक्के हवेत. वर्गात हे फळ्यावर काढलेल्या काड्यांच्या माणसावरून शिकलो असतो. इथे मी वेग अर्ध्यावर आणला आणि मॅडमची टाच जमिनीला लागताना, गुडघा किंचित दुमडताना, कंबर एका बाजूला उतरताना पंचवीस वेळा पाहिली. झूमची फुकटातली चाळीस मिनिटं संपून मॅडम एक पाय हवेत असताना अदृश्य झाल्या, तो भाग सोडून द्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी दोनेक तास जे काही झालं त्याचा आवाज मला लिहिता येणार नाही. घरावरची निम्मी कौलं गेली, पोफळी मधोमध मोडल्या, आजोबांनी लावलेला फणस वाड्याच्या भिंतीवर आडवा. विजेचे खांब रस्त्यावर. आमच्या वाडीत वीज परत यायला महिना उलटला. मोबाइलला रेंज नाही, आणि रेंज असली तरी मोबाइलला चार्ज नाही. बाजारात एका दुकानदाराने जनरेटर लावला होता, तिथे पैसे देऊन फोन चार्ज करून मिळायचा. एका फळीवर पन्नास-साठ फोन, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.

रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर यायची. घरापासून चढून वीस-पंचवीस मिनिटं. वर कातळ, वारा आणि आडवा पाऊस. मी छत्रीत बसून, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पॅथॉलॉजीची लेक्चरं ऐकली. फोन वाचवायला स्क्रीन काळी, नुसता आवाज. दाह म्हणजे लाली, उष्णता, सूज, वेदना. लालीपासून वेदनेपर्यंत पोचताना तीनदा आवाज तुटला. बाजूला मुंबईहून परतलेली दोन मुलं ऑफिसच्या मीटिंगमध्ये, पलीकडे एक बाई नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर मोडलेलं घर दाखवत होती. अशा दिवसांत कॉलेजचा मेल आला: आपली ऑनलाइन उपस्थिती पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा कमी आहे, पालकांना कळवण्यात येत आहे. बाबा तेव्हा छपरावर ताडपत्री बांधत होते. मी खालून ओरडून मेल वाचून दाखवला. ते म्हणाले, "कळलं म्हणून कळव." पूर्ण वर्षाची फी मात्र घेतली गेली, लॅबच्या रकान्यासकट. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, डोकं फिरतं.

फॉर्ममध्ये इंटरनेटबद्दल प्रश्न असायचाच. 'आपली कनेक्टिव्हिटी: चांगली, मध्यम, खराब.' घरी खराब, सड्यावर चांगली. काय दाबू? आणि फोन कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही. आमच्या घरात एक धड स्मार्टफोन, त्यावर माझी लेक्चरं आणि भावाची दहावी. दिवसाचा दीड जीबी दुपारी एकलाच संपायचा.

माझ्यासारखंच सगळ्यांना वाटत होतं असंही नाही. नांदेडकडचा एक वर्गमित्र मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरमागे बसून कानात एक इअरफोन घालून सगळी लेक्चरं ऐकायचा. त्याने दुकान सांभाळून वर्ष काढलं आणि तो आजही म्हणतो, लॉकडाऊन नसता तर फी भरता आली नसती. लालबागच्या चाळीत राहणारी एक मैत्रीण बाथरूममध्ये बसून व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, देऊन आली, कारण घरात तेवढीच कडी लावता येणारी जागा. डेंटलला असलेली माझी शाळेतली मैत्रीण मेणाचे ठोकळे संपल्यावर कपडे धुण्याच्या साबणाचे दात कोरायची. तिची आई ते दात वापरून कपडे धुवायची, म्हणून सबमिशनचा फोटो त्याच दिवशी काढावा लागे. नर्सिंगवाली चुलत बहीण चादरीचे कोपरे दुमडण्यात इतकी तरबेज झाली की आमच्या घरातली अंथरुणं हॉस्पिटलसारखी दिसायला लागली. तिला पहिलं खरं इंजेक्शन द्यायची वेळ आली ती लसीकरणाच्या गर्दीत. "संत्र्याला सुई टोचली की संत्रं ओरडत नाही," एवढंच ती त्याबद्दल म्हणते.

२०२१ च्या सुरुवातीला थोडे आठवडे कॉलेजला बोलावलं, कपाट उघडलं, ॲप्रन फेकला, आणि दुसऱ्या लाटेने पुन्हा घरी धाडलं. या खेपेला मॅडमनी आम्हा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कामाला लावलं. हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या कोविड पेशंटांची यादी, प्रत्येकाला पाचसहा नावं. फोन करायचा, श्वासाचे व्यायाम करतायत का विचारायचं, संध्याकाळी मॅडमना सगळं सांगायचं.

याच कामात मला पडद्याचाही नाही, नुसत्या आवाजाचा उपयोग कळला. तीन गोळ्यांचा तो श्वासाचा डबा, स्पायरोमीटर, बहुतेकांना दिलेला असायचा आणि बहुतेक जण त्यात फुंकायचे. नळी दिसली की माणूस फुंकतो, त्याला इलाज नाही. तो ओढायचा असतो. फोनवर दिसत नाही, पण ऐकू येतं. ओढलं तर गोळ्या वर जाऊन टक्‌ टक्‌ वाजतात, फुंकलं तर नुसता फुस्स. मी म्हणायची, "काका, फोन जवळ धरा आणि करा. मला टक्‌ ऐकू आलं पाहिजे." एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. आज सोळापर्यंत, परवा एकोणीस, पुढच्या आठवड्यात पंचवीस. यादीतल्या एका आजोबांचा आकडा मात्र रोज खाली यायला लागला. चौदा, अकरा, नऊ. "मला काही होत नाही, पोरी, जरा थकवा आहे," ते म्हणत होते. मॅडमना लगेच फोन केला, त्यांनी घरच्यांना. ऑक्सिमीटर लावून मुलाने सहा मिनिटं घरातच चालवलं, आकडा घसरला, रात्रीच दाखल केलं. ते बरे झाले. मी त्यांना कधीच पाहिलेलं नाही, पण तो आवाज रस्त्यात ऐकला तर ओळखेन.

कुठल्याही फॉर्ममध्ये या कौशल्याचा रकाना नव्हता. अभ्यासक्रमातही नव्हता.

मग शेवटी कॉलेज खरंच सुरू झालं. वॉर्डात माझी पहिली पेशंट म्हणजे तीन आठवडे आयसीयूत राहून आलेल्या पन्नाशीच्या बाई. मला मास्क, वर शिल्ड, हातात ग्लव्हज. दीड वर्ष मी एकाच माणसाला हात लावला होता, आणि ती माझी आजी होती. परक्या माणसाच्या पायाचं वजन हातावर आलं तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की पायाला वजन असतं. आजीच्या पायाचं वजन मला कधी जाणवलंच नव्हतं. ते घरातलं होतं.

बाईंना पलंगाच्या कडेला बसवलं. पाय सरळ करा, धरा, ढकलू देऊ नका. मी ढकलला. हलला नाही. "पाच," मी म्हणाले.

मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला. माझ्या हातातून त्यांचा जोर खाली गेला, सावकाश, वाढत वाढत, आणि एका ठिकाणी बाईंचा गुडघा थरथरला आणि दुमडला. हे सगळं दोनतीन सेकंदांत. मॅडमचा हात उबदार होता आणि ग्लव्हजमधूनही मला त्यात किती जोर आहे ते कळलं. माझ्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

"आता?"

"चार."

"तू मुळात दाबतच नाहीयेस. पेशंटला दुखेल म्हणून घाबरतेस. लिही चार." मग पुढच्या पलंगाकडे जाता जाता म्हणाल्या, "अख्खी बॅच अशीच आहे. सगळ्यांचे सगळे पेशंट पाचवर."

त्या आठवड्यात वर्गात आम्ही बाकं बाजूला सारून पुन्हा एकमेकींचे हातपाय दाबले. तिसऱ्या वर्षाची मुलं दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल करत होती. कुणाच्या दंडावर बोटांचे वळ उठले, कुणी रुसलं.

दिवाळीला घरी गेले. छपरावर नवे पत्रे, कौलं परत बसली नाहीत. आजी पडवीत त्याच बाकावर. मी बॅग ठेवली, तिच्यासमोर उकिडवी बसले, एक हात मांडीखाली, दुसरा नडगीवर.

"परत परीक्षा आली काय गो?"

"नाही. पाय सरळ कर. धर. ढकलू नकोस देऊ."

या वेळी मी मॅडमसारखं दाबलं, सावकाश, वाढवत. डावा टिकला. उजवा मध्यावर थरथरला आणि खाली आला. मी हात काढला. दीड वर्षात एवढी ताकद गेली? पडली होती का, दुखतं का, जिना चढताना धरून चढतेस का, मी एकामागून एक विचारत सुटले.

आजीने पाय चोळला. "तेव्हा पण असाच होता गो, बाय. तूच जोर लावत नव्हतीस."